कमालकाकांचे दोन बाइट

माझ्या मावशीच्या नवऱ्याला आमचा अख्खा कारखाना कमालकाका म्हणतो. त्यांनी आयुष्यात कधी काही कमाल केली, असा त्याचा अर्थ नाही. कोणीही कसलंही काम घेऊन गेलं, की ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "किमान किती, कमाल किती?" उत्तर मिळेपर्यंत कामाला हात लावत नाहीत. नव्या खुर्च्या मागवायच्या असोत, नाहीतर मी सुट्टी मागायला गेलेलो असो, प्रश्न तोच. मावशी सांगते, तिला बघायला आले तेव्हा दोघांना पाच मिनिटं एकांत दिला होता. त्यात त्यांनी विचारलं, "तुमचा राग किती वेळ टिकतो? किमान आणि कमाल." तिने किमान सांगितलं. कमाल सांगितलं असतं तर हे लग्न झालं नसतं, असं ती अजूनही म्हणते.

मी त्यांच्याच घरी राहतो आणि ते नोकरी करतात त्याच कारखान्यात काम करतो. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका जाते, जी कोणी उघडत नाही, ती मी लिहितो. मावशीही तिथेच आहे, चाचणीच्या खोलीत. म्हणजे सकाळी एकाच घरातून तीन डबे निघतात आणि एकाच दारातून आत जातात. त्यामुळे कारखान्यातली भांडणं घरी आणि घरातली कारखान्यात न्यायला आम्हाला वेगळा खर्च येत नाही.

आम्ही भरतकामाची यंत्रं चालवणारी डबी बनवतो. यंत्राला बारा सुया असतात, प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा धागा. खाली चौकटीत ताणलेलं कापड. कुठली सुई खाली यायची आणि चौकट किती सरकायची, हे ती डबी ठरवते. डबीत नखाएवढी चिप, आणि चिपमध्ये काकांनी सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम. चिपची सगळी मेमरी दोन किलोबाइट. हल्ली तेवढ्या जागेत फोनवरचा एक फोटोदेखील धड मावत नाही. काकांनी त्यात बारा सुया, सगळे रंग, चौकट, बटणं आणि काम संपल्यावर वाजणारी एक धून, एवढा संसार बसवला होता.

सी भाषेत कुठलाही आकडा ठेवायचा, तर त्याचं भांडं आधी सांगावं लागतं. सगळ्यात लहान भांडं म्हणजे कॅर, एक बाइटचं. त्यात उणे एकशे अठ्ठावीसपासून एकशे सत्तावीसपर्यंतचा आकडा मावतो. आमच्या चिपवर इंट हे दोन बाइटचं. त्यात उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत. आणि लाँग म्हणजे चार बाइटचा हंडा, दोन अब्जांच्याही वर जाणारा. काकांची सगळी विद्या या भांड्यांत होती. कुठल्या आकड्याला कुठलं भांडं बेतोबेत बसेल, हे ते डोळे मिटून सांगत. "सुया बारा. त्यांना एक बाइट रगड झाला," ते म्हणत. "सुयांना चार बाइट देणारा माणूस उद्या चमचे ठेवायला गोदाम भाड्याने घेईल."

टाके मोजायला त्यांनी इंट वापरला होता. पूर्वीच्या नक्ष्या लहान असत, एखादं फूल, शाळेच्या गणवेशावरचं चिन्ह. बत्तीस हजार टाके म्हणजे समुद्र वाटायचा. पण इंटमध्ये ३२,७६७ च्या पुढे एक मिळवला, की आमच्या चिपवर आकडा गर्रकन फिरून थेट उणे ३२,७६८ वर जाऊन बसतो. यंत्राला वाटतं, अजून काम सुरूही झालेलं नाही. म्हणून काकांनी प्रोग्राममध्ये कुलूपच घातलं होतं. त्याहून मोठी नक्षी दिली की पडद्यावर यायचं, "नक्षी मोठी आहे." मग चालवणाऱ्याने नक्षीचे दोन भाग करायचे, आधी एक भरायचा, मग त्याला चिकटून दुसरा. जिथे दोन भाग भेटतात त्याला सगळे 'जोड' म्हणत. जोड दिसू न देणं ही कला झाली होती, आणि त्या कलेत मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं. मीही पुस्तिकेत "मोठी नक्षी दोन भागांत भरावी" असं लिहून टाकलं होतं, जणू तसा सृष्टीचा नियमच आहे.

मग लाँगताई आली.

हे नाव काकांनीच ठेवलं. ती कामावर आली त्या आठवड्यात त्यांनी तिचा प्रोग्राम बघितला आणि ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. टाके लाँग, रंग लाँग, सुईचा क्रमांक लाँग, दिवा चालू की बंद तोही लाँग! "ही बाई एका माणसासाठी अख्खी बस ठरवते," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिचं नाव लाँगताई ठेवा."

तिने ऐकलं आणि खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी तिच्या चहाच्या मगावर हेच नाव रंगवलेलं होतं. ज्याला आपण टोमणा मारावा त्याने तो गळ्यात हार घालावा तसा घालून मिरवावा, यासारखं दुःख नाही. काकांचा तिळपापड झाला.

तिची चिप नवी होती, मेमरी भरपूर, तिला भांडी मोजून घ्यायचं कारणच नव्हतं. हे काकांनाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पोटात दुखणं वेगळं. काकांना तिच्या लाँगचं दुखत नव्हतं, दुखत होतं ते बाकी सगळ्याचं. तिची जागा खिडकीजवळ होती. तिच्या कोपऱ्यातून हसण्याचा आवाज यायचा. आधी अडलं की कारखान्यातली नवी मुलं काकांच्या टेबलाशी येऊन उभी राहायची. आता वाटेत तिचं टेबल लागायचं आणि मुलं तिथेच थांबायची. काका वर न बघता बोलायचे, "कोण होता? काय विचारत होता? मला का नाही विचारलं?" एकदा मीच तिच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी घरी येईपर्यंत काका माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "तुला मीठ पुढे करायचं कारण नाही. तिला माग."

त्यात आणखी एक गोष्ट. ती त्यांना सगळ्यांसारखी 'काका' म्हणायची, आणि मावशीला 'वहिनी'.

"मी काका आणि तू वहिनी?" काका जेवताना भडकले. "हे नातं बसतं कुठे? मी तिच्या बापाचा भाऊ आणि तू तिच्या भावाची बायको?"

"मला वहिनी आवडतं," मावशी म्हणाली.

"मी काय एवढा म्हातारा दिसतो?"

"तिला दिसता की नाही, याची तुम्हाला एवढी काळजी का?" मावशीने विचारलं आणि आमटीची वाटी जरा जोरातच ठेवली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मालकांनी एके दिवशी दोघांना समोर बसवलं, मलाही बोलावलं, कारण पुस्तिका मलाच बदलायची होती. एका मोठ्या गिऱ्हाइकाला रंगमंचाच्या पडद्यावर झाड भरून हवं होतं, मुळांपासून शेंड्यापर्यंत, आणि जोड अजिबात नको. टाके एक्केचाळीस हजार. "जोड दिसला तर घेणार नाहीत," मालक म्हणाले. "यंत्रं नवी, डबी नवी, प्रोग्राम एकच जाणार. तुम्ही दोघं आपापला लिहा. वहिनी दोन्ही चालवून बघतील. ज्याचा पसंत पडेल त्याचा प्रोग्राम सगळ्या यंत्रांत, आणि तोच फिरतीवर जाईल."

फिरती म्हणजे काकांचा जीव की प्राण. गावोगावच्या भरतकामाच्या कारखान्यांत नवी यंत्रं बसवून द्यायची, चालवून दाखवायची. इथे काका म्हणजे कोपऱ्यातला एक चष्मा. तिथे गेले की लोक पंख्याखालची खुर्ची देतात, "ज्यांनी हे बनवलं ते आलेत" म्हणून आतून बायकापोरांना बोलावतात. दरवर्षी फिरतीवरून आले की काका दोन आठवडे ताठ चालतात. ती फिरती आता लाँगताईच्या वाट्याला जाऊ शकत होती, आणि निवाडा काकांच्या सख्ख्या बायकोच्या हातात होता.

मालकांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर लाँगताई अगदी सहज म्हणाली, "काका, तुम्हाला काय, टाक्यांचा इंट तेवढा लाँग करून टाका. झालं तुमचं काम."

ते खरंच होतं. एक शब्द बदलला की काम झालं असतं. दोन बाइट जास्त गेले असते, आणि नव्या चिपवर दोन बाइट म्हणजे काहीच नव्हे. पण ती ते बोलली आणि त्या क्षणी काकांसाठी लाँगचा रस्ता कायमचा बंद झाला. तिच्या हातचा शब्द आपल्या प्रोग्राममध्ये? त्यापेक्षा काकांनी टाके बोटांवर मोजले असते.

पुढचे दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ती आज लवकर आली. ती आज कोणाशी तरी फोनवर बोलत होती, नक्की मालकांशीच. तिने आज निळं काहीतरी घातलं होतं, मालक म्हणाले छान दिसतंय, मला कधी म्हणालेत? ती चहात साखर घेत नाही, ढोंग आहे सगळं. मावशी ऐकायची. आधी 'हं' म्हणत ऐकायची, मग 'हं' न म्हणता.

एका रविवारी दुपारी काका आतल्या खोलीतून ओरडतच बाहेर आले. "सापडलं!"

मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय सापडलं? एवढे खूश? ताईंनी नोकरी सोडली की काय?"

"तिचं नाव काढू नकोस."

"मी आज पहिल्यांदाच काढलं. एरवी तुम्हीच काढता."

काकांनी ते ऐकलंच नाही. माझ्यासमोर कागद पसरून त्यांनी समजावलं. इंटमध्ये निम्मी जागा उणे आकड्यांसाठी राखून ठेवलेली असते. टाके कधी उणे असतात का? नसतात. मग ती जागा फुकट का घालवायची? इंटच्या आधी 'अनसाइन्ड' लिहायचं. उणे गेलं, आणि त्याच दोन बाइटमध्ये शून्यापासून ६५,५३५ पर्यंत मावायला लागलं. एक्केचाळीस हजार टाके आत बसून वर जागा उरली. "भांडं तेच, माप दुप्पट!" काकांचे डोळे चकाकत होते. "आणि तिच्या लाँगची पायरी चढावी लागली नाही. बघू आता तोंड कसं होतं तिचं."

"तिचं तोंड तुम्हाला पाठच झालंय," मावशी म्हणाली आणि घड्यांचा गठ्ठा उचलून आत गेली.

चाचणीच्या दिवशी खोलीत सगळेच जमले होते, काम नव्हतं तेसुद्धा. मावशीने जाड कापड चौकटीत ताणलं, रंगांच्या गुंड्या लावल्या. आधी लाँगताईचा प्रोग्राम. यंत्र सुरू झालं ते थांबलंच नाही म्हणायचं. मध्ये दोनदा धागा तुटला, यंत्राने शिट्टी दिली, मावशीने धागा ओवून 'मागे' हे बटण दाबलं. या बटणाने यंत्र दहा टाके मागे येतं आणि तिथून पुन्हा भरत जातं, म्हणजे तुटलेल्या जागी फट राहत नाही. मग पुढे. मुळं भरली, खोड भरलं, एकेक फांदी. बाकीचे चहाला जाऊन परत आले. काका हलले नाहीत. बत्तीस हजार सातशेच्या आसपास आकडा आला तेव्हा ते पडद्यापाशी गेले आणि वाकून बघत राहिले, जणू तो आकडा त्यांची आठवण ठेवून जरा तरी अडखळेल. आकडा त्यांच्याकडे न बघता पुढे गेला. शेवटी धून वाजली. अख्खं झाड, एकसंध.

मालकांनी झाडाच्या मधोमध बोट फिरवलं, जोड असायचा तिथे. मग मावशीनेही तिथे हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. काय वाटत होतं तिला ते तिलाच माहीत. पण काका माझ्या कानाशी दात चावून पुटपुटले, "बघितलंस? बघितलंस कशी हात फिरवतेय? माझ्या यंत्रावर असा कधी फिरवला नाही."

"तुमच्या यंत्रावर जोड असायचा ना काका, त्यावर हात फिरवायचा नसतो, तो लपवायचा असतो."

"तू गप्प बस."

मग काकांची पाळी. नवीन कापड, नवीन चौकट. काकांनी डबी स्वतः बसवली, तिच्यावरून रुमाल फिरवला. मावशीने बटण दाबलं. टक, टक, टक, टक, आणि पिऽऽ. धागा तुटला. सुरुवातीला तुटतोच कधी कधी, टोक सुईतून निसटतं. मावशीने शांतपणे ओवला आणि 'मागे' दाबलं.

यंत्र अर्धा श्वास थांबलं. मग त्याने धागा कापला, सगळ्या सुया वर उचलल्या आणि काम संपल्याची धून वाजवली. पडद्यावर अक्षरं आली, "काम पूर्ण."

मालकांनी चष्मा चढवला आणि कापडावर वाकले. एवढ्या मोठ्या कापडाच्या एका कोपऱ्यात चार तपकिरी टाके होते.

"काका," मालक म्हणाले, "झाड कुठाय?"

"बी पेरलंय," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळे फुटले. मालकसुद्धा. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. एक लाँगताई तेवढी हसली नाही. ती काकांजवळ येऊन हळूच म्हणाली, "शून्याच्या खाली गेला वाटतं, काका."

काकांना ते तिच्या आधी कळलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. जुन्या प्रोग्राममध्ये त्यांचीच एक ओळ होती: दहा वजा केल्यावर आकडा शून्याच्या खाली गेला, तर तो शून्य करा. इतकी वर्षं ती ओळ इमानाने पहारा देत होती, कारण इंटमध्ये उणे आकडा असू शकत होता. काकांनी उणेच काढून टाकलं. चारातून दहा गेले आणि अनसाइन्डमध्ये उणे सहाला जागा नसल्यामुळे आकडा उलटा फिरून थेट वरच्या टोकाला गेला, ६५,५३० वर. शून्याच्या खाली काहीच नाही म्हटल्यावर पहारेकऱ्याने कोणाला अडवायचं? यंत्राने बघितलं, टाके हवे होते एक्केचाळीस हजार, झालेत पासष्ट हजार. संपलं काम, वाजवा धून. आयुष्यभर सगळ्यांना किमान किती म्हणून छळणारा माणूस, लाँगताईच्या कमालकडे बघता बघता एकदाच किमान बघायला विसरला.

"पाच मिनिटं," काका म्हणाले. "फक्त पाच मिनिटं द्या. एका ओळीचं काम आहे."

तेवढ्यावर थांबले असते तर पाच मिनिटं मिळाली असती. पण मागे अजून कोणीतरी हसत होतं, लाँगताई अजून शेजारीच उभी होती, आणि काका मावशीकडे वळले. "पण मला सांग, धागा सुरुवातीलाच कसा तुटला? तिच्या वेळी नाही तुटला!"

"तिच्या वेळी दोनदा तुटला."

"मध्ये तुटला. सुरुवातीला नाही. तू टोक आखूड ठेवलंस."

हसणं थांबलं.

"काय म्हणालात?" मावशीने विचारलं.

"तू तिच्या बाजूची आहेस. हे सगळ्यांना दिसतंय."

मावशीने हातातली कात्री टेबलावर ठेवली. मालकांनी घसा खाकरला. या माणसाला नवरा-बायकोत बोलायची हौस नाही, पण निवाडा त्यांनीच तिच्याकडे दिलेला. "वहिनी, काका म्हणतात पाच मिनिटांत दुरुस्त होईल. होईलही. द्यायची का? तुम्ही सांगाल तसं."

मावशीने काकांकडे बघितलं, मग लाँगताईकडे, मग पुन्हा काकांकडे.

"नको," ती म्हणाली. "ताईंचा घ्या. तोच चांगला चालतो. आणि ताईंना फिरतीवर लवकर पाठवा."

त्या संध्याकाळी काका ताटावर बसले आणि घास न घेता म्हणाले, "नवऱ्याला पाच मिनिटं दिली नाहीस."

"नवऱ्याने मला चारचौघांत लबाड ठरवलं."

"रागात म्हणालो. पण तू तिची बाजू घेतलीस."

"मी तिची बाजू घेतली?" मावशीने पळी हातातच धरली होती. "सकाळी डोळे उघडले की ती. डबा भरताना ती. जेवताना ती. ती काय घालते, कशी हसते, कोणाशी बोलते. ती चहात साखर घेत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी किती घेते?"

काकांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं, पण अशा वेळी भाच्याने आपल्या ताटाकडे बघायचं असतं.

"अगं," काका अगदी रडकुंडीला आले, "मला ती डोळ्यांसमोर नको असते! मी जळतो तिच्यावर! हे तुला कळत नाही?"

"कळतं की. पण इतकं मन लावून कोणी जळतं का? माझ्यावर जळलात कधी?"

उत्तराची वाट न बघता तिने त्यांच्या ताटात भात वाढला, नेहमीपेक्षा कमी, आणि आत निघून गेली.

लाँगताई फिरतीवर गेली. खिडकीजवळची जागा रिकामी झाली, कोपऱ्यातलं हसणं बंद झालं, मुलं पुन्हा काकांच्या टेबलाशी येऊन उभी राहू लागली. माणसाने सुखी व्हायला आणखी काय लागतं? पण काका वाळत चालले. ती रोज मालकांना अहवाल पाठवायची, आणि पुस्तिकेसाठी त्याची एक प्रत माझ्याकडे यायची. काका माझ्यामागे येऊन उभे राहायचे. "कुठे पोचली? यंत्र लगेच चाललं? काही अडलं नाही? बघ नीट, काहीतरी अडलं असेलच." आणि मग हळूच, "लोकांनी खुर्ची वगैरे दिली का तिला? लिहिलंय का काही?"

मी म्हणालो, खुर्चीचं अहवालात कोणी लिहीत नाही.

"दिली असणार," काका म्हणाले. "पंख्याखाली."

घरी मात्र त्यांनी जीभ आवरली होती. तिचं नाव नाही. इतकं कटाक्षाने नाही, की न घेतलेलं ते नाव जेवताना आमच्या तिघांच्या मध्ये चौथ्या पाटावर बसल्यासारखं वाटायचं. मावशीला तेही कळत होतं. काका गप्प असले की ती विचारायची, "काय विचार चाललाय?" आणि काका दचकून सांगायचे, "काही नाही," जे कधीच पटण्यासारखं नसतं.

एके दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत होतो. मी नवी पुस्तिका तपासत होतो. दोन भागांत भरण्याचं वाक्य काढल्यावर पानावर पडलेली मोकळी जागा कशाने भरायची, ते मला सुचत नव्हतं. काका वर्तमानपत्र वाचत होते. मावशी फडताळाजवळ बसून शेंगा सोलत होती, आणि काकांचा फोन चार्जिंगसाठी त्याच फडताळावर ठेवलेला होता. तो वाजला. मावशीने मान वळवून पडद्यावरचं नाव वाचलं.

"नुसतं 'लाँग' म्हणून ठेवलंय?" ती म्हणाली. "ताई वगैरे नाही? इतकी जवळीक?"

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. पण मावशीने फोन उचलला होता.

"हं, बोल गं."

पलीकडे यंत्रं चालू असावीत, त्यामुळे ती ओरडून बोलत होती आणि तिचा शब्दन् शब्द आम्हाला ऐकू येत होता. "वहिनी, काका आहेत का? इथे एक भलतंच अडलंय. दुपारपासून बसलेय, काही सुचत नाही. काकांशिवाय सुटायचं नाही हे."

काकांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी या आधी फक्त फिरतीवरून परत आल्यावर बघितलेलं. वर्तमानपत्र मांडीवरून घसरलं. त्यांनी हात पुढे केला. फोन आणि त्यांची बोटं यांच्यात वीतभर अंतर असेल.

मावशीने त्या हाताकडे बघितलं. मग ती फोनमध्ये म्हणाली, "ते नाहीत घरी."

"कुठे गेलेत?"

"चालायला."

"फोन ठेवून?"

"हो, हल्ली तसेच जातात. तू असं कर, उद्या सकाळी कारखान्यात फोन कर. सगळ्यांना ऐकू जातं त्या मोठ्या फोनवर. तिथे सगळे असतात, ते नक्की सापडतील."

"बरं वहिनी. आठवणीने सांगा हं त्यांना, मी विचारत होते म्हणून."

"सांगते," म्हणून मावशीने फोन ठेवला आणि शेंग उचलली. "ताईंचा फोन होता. तुम्हाला विचारत होत्या."

काका हात तसाच पुढे धरून बसले होते. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी हात मागे घेतला, त्याच हाताने मान खाजवली.

"मी चालायला गेलोय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठपर्यंत?"

"कोपऱ्यापर्यंत असेल."

काका उठले. कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोन न घेता, मागे दार लोटून, खरोखरच चालायला गेले.

मी खिडकीशी जाऊन बघितलं. ते रस्त्याच्या कडेकडेने कोपऱ्याकडे चालले होते, ताठ, मागे हात बांधून, जणू दोन्ही बाजूंच्या घरांतून त्यांना बघायला लोक बाहेर आलेत. थोड्या वेळाने मावशीही शेंगांचं ताट हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हसतायत का रे ते?" तिने विचारलं.

"एवढ्या लांबून दिसत नाही," मी म्हणालो.

दिसत होतं.